डिझाइन ऑप्सच्या कामात एआय आल्यावर काय काय बदलतं

टीममध्ये नवा डिझायनर आला की पहिले काही दिवस तो सतत विचारत असतो. ही लाल छटा फक्त चुकीच्या संदेशाला वापरायची की ‘हटवा’च्या बटणालाही? इथे मोडल (स्क्रीनवर वर उघडणारी चौकट) उघडायचा की बाजूचं पॅनल? जुन्या लायब्ररीतलं, म्हणजे तयार घटकांच्या जुन्या संग्रहातलं, कार्ड अजून चालतं का? या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा कुठेच लिहिलेली नसतात. ती शेजारी बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात असतात आणि विचारल्यावर मिळतात. जे लिहिलेलं नाही ते माणूस विचारून घेईल, या भरवशावर डिझाइन ऑप्सचं, म्हणजे डिझाइन टीमची साधनं, लायब्ररी आणि कामाच्या पद्धती सांभाळण्याचं, निम्मं काम आजवर चालत आलंय.

एआय मॉडेल सहसा विचारत नाही. माहिती अपुरी असली तरी ते स्क्रीन पूर्ण करून देतं आणि मोकळ्या जागा त्याला संभाव्य वाटेल त्याने भरून टाकतं. स्क्रीन नीटनेटकी दिसते, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. एआयमुळे आमच्या कामात जे काही बदलतंय त्यातलं बरंचसं या एका फरकातून निघतं, असं माझं ठाम मत आहे. डोक्यातलं ज्ञान फायलीत उतरवावं लागतं, आणि जे उतरवायचं राहून गेलं ते पकडलं जाईल अशी जागा कामाच्या वाटेवर बांधावी लागते. ही दोन्ही कामं डिझाइन ऑप्सची आहेत.

## लायब्ररी मॉडेलला कशी दिसते

डिझाइन मॉडेलपर्यंत दोन वाटांनी पोहोचतं. एक म्हणजे स्क्रीनचं चित्र. चित्रावरून मॉडेल मापं आणि रंग अंदाजाने काढतं, त्यामुळे १६ पिक्सेलची जागा १५ होते आणि तुमचा निळा जवळपासचा निळा होतो. दुसरी वाट रचनेची. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही मॉडेलला बाहेरच्या साधनांशी जोडणारी पद्धत खुली केली आणि २०२५ च्या जूनमध्ये फिग्मा या डिझाइनच्या साधनाचा एमसीपी सर्व्हर बीटा स्वरूपात आला. या वाटेने मॉडेलला निवडलेल्या फ्रेमची लेयर रचना, ऑटो लेआउट (घटकांच्या मांडणीचे नियम), व्हेरिएबलची (नाव देऊन साठवलेल्या रंग-मापांची) नावं आणि कंपोनंटची (बटण, कार्ड अशा पुन्हा वापरायच्या घटकांची) नावं मिळतात. फिग्माच्या कोड कनेक्ट या सोयीने जोडणी केलेली असेल तर फिग्मातल्या बटणामागे कोडमधलं नेमकं कोणतं बटण आहे हेही कळतं. जोडणी नसेल तर मॉडेल नवं बटण शून्यापासून लिहितं. ते दिसायला तुमच्यासारखंच असतं, पण तुमच्या कोडशी त्याचं काही नातं नसतं. सहा महिन्यांनी बटणाची गोलाई बदलायची ठरली की हे अनाथ बटण मागे राहतं.

म्हणजे नावं हीच माहिती झाली. ‘फ्रेम ४२७’ या नावाच्या लेयरमधून मॉडेलला काहीही कळत नाही, ‘ऑर्डर सारांश’मधून बरंच कळतं. पूर्वी लेयरची नावं सुधारणं हे नीटनेटकेपणाचं काम होतं आणि घाईच्या वेळी ते सगळ्यांत आधी गाळलं जायचं. आता त्याचा परिणाम थेट तयार होणाऱ्या कोडवर दिसतो.

लायब्ररी कुठे दगा देते, तर सगळ्यांत आधी कच्च्या रंगांमध्ये. फिग्मात व्हेरिएबल जून २०२३ मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या फायलींत रंग थेट हेक्स आकड्यात भरलेले असतात. मॉडेल तो आकडा जसाच्या तसा उचलतं. इथे सगळ्या फायली साफ करायला बसू नका, तो खड्डा भरत नाही. आधी प्रकाशित लायब्ररीतले कंपोनंट, मग टेम्पलेट, आणि चालू तिमाहीत ज्यांना हात लागणार आहे तेवढ्याच प्रॉडक्ट फायली. बाकीच्या तशाच राहू द्या आणि मॉडेलला त्या दाखवू नका.

दुसरी जागा जास्त फसवी आहे, कारण ती उजेडात दिसत नाही. समजा, पृष्ठभागाचं टोकन (टोकन म्हणजे रंगाला किंवा मापाला त्याच्या कामावरून दिलेलं नाव) आणि विभाजक रेषेचं टोकन ही दोन्ही लाइट मोडमध्ये एकाच राखाडी छटेवर जातात. मॉडेल अर्थाऐवजी मूल्य जुळवून टोकन निवडतं आणि पृष्ठभागाच्या जागी रेषेचं टोकन बसवतं. लाइट मोडमध्ये स्क्रीन अचूक दिसते, रिव्ह्यूमध्ये कुणाला काही खटकत नाही. डार्क मोड लावला की अख्खं कार्ड रेषेच्या रंगाने भरून जातं. म्हणून मॉडेलने केलेली कोणतीही स्क्रीन तपासताना पहिली कृती डार्क मोड लावून बघण्याची असावी. तुमच्या प्रॉडक्टमध्ये डार्क मोड नसेल तर फक्त तपासणीसाठी एक मोड बनवा, ज्यात प्रत्येक अर्थवाचक टोकनला वेगळा, भडक रंग दिलेला असेल. पाच मिनिटांत चुकीची टोकनं उघडी पडतात.

आणि निवृत्त कंपोनंट. नावापुढे ‘जुना’ लिहून ठेवलं की माणूस समजतो आणि बाजूला होतो. मॉडेलच्या शोधात मात्र ‘कार्ड’ या शब्दाला ‘कार्ड, जुना’ही जुळतं आणि कधी कधी तेच उचललं जातं, विशेषतः जुन्याचं वर्णन नव्यापेक्षा सविस्तर असेल तर. फिग्मात नावाची सुरुवात टिंबाने किंवा अंडरस्कोअरने केली तर कंपोनंट लायब्ररीबरोबर प्रकाशित होत नाही. निवृत्त गोष्टी अशाच आत ओढून घ्या. वर्णनात ‘हे वापरू नका’ एवढंच लिहून थांबू नका, ‘याऐवजी ते वापरा’ हेही लिहा.

मोठ्या फ्रेमबद्दल थोडक्यात: पूर्ण पान निवडून मॉडेलला दिलं की शेकडो लेयरची माहिती जाते, मॉडेल एका वेळी जेवढं वाचू शकतं ती मर्यादा भरत येते आणि पानाच्या एखाद्या भागाकडे दुर्लक्ष होतं. हेडर, यादी, फिल्टर असे तुकडे वेगवेगळे द्यावेत.

## वर्णनात काय लिहायचं

कंपोनंटच्या वर्णनाची जागा वर्षानुवर्षं रिकामी असायची किंवा तिथे ‘प्रायमरी बटण’ एवढंच असायचं. आता लायब्ररीतली सगळ्यांत कामाची जागा तीच झाली आहे. तिथे पाच गोष्टी हव्यात: कधी वापरायचा, कधी वापरायचा नाही, त्याऐवजी काय, मजकुराची मर्यादा किती, आणि कीबोर्ड व स्क्रीन रीडरसाठीची अट काय. बटणाचं उदाहरण देतो.

‘स्क्रीनवरच्या मुख्य कृतीसाठी. एका स्क्रीनवर एकच. दुसऱ्या पानावर नेण्यासाठी वापरू नये, त्यासाठी लिंक कंपोनंट आहे. डेटा कायमचा पुसणाऱ्या कृतीसाठी डेंजर व्हेरिएंट (बटणाचा धोका दाखवणारा प्रकार), आणि तो फक्त खात्री करून घेणाऱ्या मोडलमध्येच. लेबल क्रियापदाने संपावं, २४ अक्षरांपर्यंत. फक्त चिन्ह असेल तर स्क्रीन रीडरसाठी नाव देणं सक्तीचं.’

यात एकही मोघम विशेषण नाही, आणि ते मुद्दाम. ‘ठळक कृतींसाठी योग्य प्रकारे वापरावं’ असं वाक्य माणसाला समजूतदार वाटतं, पण मॉडेलला त्यातून काही ठरवता येत नाही. ‘एका स्क्रीनवर एकच’ हे तपासता येतं. नियम लिहिताना मी हीच कसोटी लावतो: हे वाक्य वाचून एखादी स्क्रीन चूक ठरवता येते का? येत नसेल तर वाक्य बदलायचं.

टोकनांचंही तसंच. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या डिझाइन टोकन्स कम्युनिटी ग्रुपच्या फॉरमॅटची पहिली स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. त्यात प्रत्येक टोकनला प्रकार आणि मूल्य यांबरोबर वर्णनाचंही खातं आहे. बहुतेक टीम पहिली दोन खाती भरतात आणि तिसरं सोडून देतात. ते भरा. स्टाइल डिक्शनरीसारखं साधन त्याच फायलीतून वेब, आयओएस आणि अँड्रॉइडसाठी आउटपुट काढतं, त्यामुळे एकदा लिहिलेलं वर्णन कोडमध्ये टिप्पणी म्हणूनही नेता येतं, आणि कोड लिहिणारं मॉडेल तिथे ते वाचतं.

काम कितीचं आहे? लायब्ररीच्या वापराच्या आकडेवारीत सर्वाधिक वापरले जाणारे १२ ते १५ कंपोनंट निवडा आणि तिथून सुरुवात करा. त्यांची वर्णनं लिहून झाली की मॉडेलला पाच स्क्रीन बनवायला सांगा: एक फॉर्म, एक यादी, एक तपशील पान, एक सेटिंग्ज, आणि एक रिकामी अवस्था. कुठे चुकलं ते बघा. इथे एक मोह टाळायला हवा. चूक दिसली की प्रॉम्प्टमध्ये ‘प्रायमरी बटण दोनदा वापरू नकोस’ असं वाक्य जोडावंसं वाटतं. तसं केलं की तो नियम एका माणसाच्या एका प्रॉम्प्टमध्ये अडकतो. दुरुस्ती वर्णनात करा आणि प्रॉम्प्ट होता तसाच ठेवून पुन्हा चालवा. प्रॉम्प्ट लांबत चालला असेल तर लायब्ररीत काहीतरी लिहायचं राहिलंय एवढं नक्की.

## रांग रिव्ह्यूपाशी तुंबते

स्क्रीन बनवायला लागणारा वेळ घटतो, पण ती बघून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला लागणारा वेळ घटत नाही. उलट वाढतो, कारण माणसाने केलेल्या स्क्रीनमागचा विचार त्याला विचारता येतो आणि मॉडेलने केलेल्या स्क्रीनमागचा विचार रिव्ह्यू करणाऱ्याला स्वतः तपासावा लागतो.

हिशोब सोपा आहे. रांगेतल्या कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं येण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाचा थांबण्याचा काळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे सिद्ध केलं आणि ते कोणत्याही स्थिर रांगेला लागू पडतं. समजा तुमच्या टीमची रिव्ह्यूची क्षमता आठवड्याला १२ कामांची आहे. पूर्वी आठवड्याला १० यायची आणि रांगेत साधारण १० असायची, म्हणजे प्रत्येक काम सुमारे आठवडाभर थांबायचं. आता २० येऊ लागली. दर आठवड्याला ८ शिल्लक पडतात. सहा आठवड्यांत शिल्लक ४८ होते आणि नव्याने आलेल्या कामाला फक्त जुनी शिल्लक संपण्यासाठीच चार आठवडे थांबावं लागतं. डिझायनर वेगाने काम करताहेत, आणि तरी विनंती करणाऱ्याला निर्णय पूर्वीपेक्षा उशिरा मिळतोय. मग रिव्ह्यू उरकले जातात, आणि खरा तोटा तिथून सुरू होतो.

उपाय दोन बाजूंनी करावे लागतात. येणारा ओघ कमी करायचा: एका विनंतीमागे रिव्ह्यूला जास्तीत जास्त तीन पर्याय, आणि प्रत्येक पर्यायाबरोबर तो इतर दोनपेक्षा कशात वेगळा आहे याचं एक वाक्य, डिझायनरने स्वतः लिहिलेलं. हे वाक्य लिहिता येत नसेल तर पर्याय रिव्ह्यूला येत नाही. या एका अटीने रांग चांगलीच आटोक्यात येते, कारण मॉडेलने दिलेले दहापैकी सात पर्याय हे एकाच कल्पनेचे हलके फेरफार असतात.

दुसरी बाजू म्हणजे यंत्राने पकडता येतं ते माणसापर्यंत येऊच द्यायचं नाही. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ पासून अधिकृत आहे आणि तिच्यातले बरेच आकडे थेट तपासणीत घालता येतात: साध्या मजकुरासाठी ४.५:१ कॉन्ट्रास्ट, मोठ्या मजकुरासाठी ३:१, इनपुटची चौकट आणि अर्थ सांगणारी चिन्हं यांसाठी ३:१, आणि बोटाने दाबण्याच्या जागेसाठी किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल. मोठा मजकूर म्हणजे २४ पिक्सेल, किंवा ठळक असेल तर साधारण १८.६६ पिक्सेलपासून पुढे. मॉडेल इथे हमखास चुकतं ते प्लेसहोल्डरचा (रिकाम्या इनपुटमधला सूचक) मजकूर आणि निष्क्रिय दिसणारी, पण प्रत्यक्षात दाबता येणारी बटणं यांत. याशिवाय लायब्ररीबाहेरचे रंग, डिटॅच केलेले (लायब्ररीपासून तोडलेले) कंपोनंट आणि अंतराच्या पट्टीत न बसणारी मापं यांची मोजणी प्लगइनने किंवा स्क्रिप्टने होते. कोडच्या बाजूला ॲक्स-कोअर (सुलभता तपासणारं साधन) आणि स्टोरीबुकवर (कंपोनंट वेगवेगळे दाखवणाऱ्या साधनावर) चालणारी दृश्य तुलना पुल रिक्वेस्टला, म्हणजे कोडमधला बदल मंजुरीला येतो त्या टप्प्याला, जोडून ठेवा.

पण ही जाळी सगळं धरत नाही. चित्राला पर्यायी मजकूर आहे का, हे यंत्र सांगतं. तो मजकूर त्या चित्राबद्दल खरं काही सांगतो का, हे नाही. आणि मॉडेलने लिहिलेला पर्यायी मजकूर नेहमी उपलब्ध असतो, नेहमी वाचनीय असतो, आणि अनेकदा निरुपयोगी असतो. आलेखाला ‘निळ्या रेषांचा आलेख’ असं नाव देऊन आंधळ्या वाचकाला काहीच मिळत नाही, त्याला आलेखातून काय दिसतं ते हवं असतं. हे काम माणसाकडेच ठेवावं, यावर मी अडून बसेन.

तशीच गोष्ट अवस्थांची. मॉडेल सगळं सुरळीत असतानाची स्क्रीन छान बनवतं. यादी रिकामी आहे, नेट गेलंय, परवानगी नाही, नाव ६० अक्षरांचं आहे, रक्कम नऊ आकडी आहे, या स्क्रीन मागितल्याशिवाय येत नाहीत. रिव्ह्यूच्या फॉर्ममध्येच या अवस्थांच्या चौकटी ठेवा आणि चौकट रिकामी असेल तर काम पुढे सरकू देऊ नका. भाषांचीही एक चौकट हवी. रोमन लिपी गृहीत धरून ठरवलेली ओळींची उंची देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापते. अरबीत मांडणीची दिशाच फिरते. जर्मनमध्ये लेबल लांबतात. नमुन्याचा मजकूर मॉडेलकडूनच निरनिराळ्या भाषांत भरून घेणं हा मात्र त्याचा उत्तम उपयोग आहे, फक्त तो मजकूर तपासणीपुरताच ठेवावा.

## कुठून आलं याची नोंद

जून २०२४ मध्ये फिग्माने प्रॉम्प्टवरून डिझाइन बनवणारी सोय जाहीर केली. थोड्याच दिवसांत तिच्यातून निघालेलं हवामानाचं ॲप ॲपलच्या हवामान ॲपसारखं दिसतंय हे लोकांनी दाखवून दिलं आणि कंपनीने जुलैच्या सुरुवातीला ती सोय थांबवली. नंतरच्या खुलाशात कंपनीने सांगितलं की मॉडेलला पुरवलेल्या डिझाइन सिस्टीममध्ये ऐनवेळी घातलेले काही कंपोनंट आणि नमुना स्क्रीन पुरेशा बारकाईने तपासल्या गेल्या नव्हत्या. पुढे सप्टेंबरमध्ये ‘फर्स्ट ड्राफ्ट’ या नावाने ती परत आली. डिझाइन ऑप्सच्या माणसाने या घटनेतून घ्यायचं ते हे, की दोष मॉडेलसमोर ठेवलेल्या सामग्रीत होता. आपल्याही टीममध्ये कुणीतरी ‘संदर्भासाठी’ म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या स्क्रीनचे फोटो प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि ते फोल्डर मॉडेलला जोडलेलं असतं. संदर्भ वेगळ्या जागी ठेवा, आणि मॉडेलला कोणती फोल्डर दिसतात याची यादी दर महिन्याला एकदा माणसाने वाचावी.

प्रकाशित होणाऱ्या प्रत्येक चित्रासाठी, चिन्हासाठी, मजकुरासाठी सहा रकान्यांची नोंद पुरते: साधन, मॉडेलची आवृत्ती, तारीख, प्रॉम्प्ट, माणसाने केलेले बदल, मंजुरी देणारा. ‘माणसाने केलेले बदल’ हा रकाना लोक कंटाळून सोडतात, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलंय की नुसता प्रॉम्प्ट देणं हे सध्याच्या तंत्रात निर्माता असल्याचा पुरावा ठरत नाही. माणसाने केलेली निवड, मांडणी आणि बदल यांना संरक्षण मिळू शकतं. म्हणजे लोगो किंवा ओळखीचं पात्र अशा, ज्यांवर हक्क सांगायचाय त्या गोष्टी फक्त मॉडेलवर सोडू नयेत, आणि सोडल्या नसतील तर त्याचा कागद हाताशी असावा. चित्रांच्या फायलींत सी२पीए या मानकाच्या पद्धतीने उगमाची माहिती असू शकते, पण स्क्रीनशॉट काढला किंवा एक्स्पोर्ट करताना मेटाडेटा काढून टाकला की ती जाते. म्हणून वेगळी नोंदवही लागतेच.

## संशोधनाच्या नोंदी

मुलाखतींचा सारांश हे काम एआयकडे सगळ्यांत आधी गेलं, आणि इथेच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वापरकर्त्याचे शब्द हा संशोधनातला कच्चा पुरावा असतो. तो बदलला तर पुढचं सगळं वाकडं होतं, आणि ते कुणाला कळत नाही.

चुका कुठल्या होतात ते पाहू. बोलणं लिहून काढताना शांत जागी मॉडेल न बोललेलं वाक्य घालू शकतं. व्हिस्पर या मॉडेलवरच्या २०२४ च्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का नमुन्यांत अशी पूर्णपणे रचलेली वाक्यं सापडली, आणि बोलताना जास्त थांबणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होतं. म्हणजे सावकाश, अडखळत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी न बोललेले शब्द जाण्याची शक्यता जास्त. मग बोलणारा कोण हे ओळखण्यातली चूक: मुलाखत घेणारा म्हणतो ‘म्हणजे तुम्हाला हे अवघड वाटलं का?’, सहभागी नुसतं ‘हं’ म्हणतो, आणि सारांशात ‘सहभागीला अवघड वाटलं’ असं येतं. आणि सारांशाची मूळची खोड अशी की तो बहुमताकडे झुकतो. आठपैकी सात जणांनी एक म्हटलं आणि आठवीने उलट म्हटलं, तर आठवी नाहीशी होते. कित्येकदा तीच सगळ्यांत महत्त्वाची असते, कारण ती स्क्रीन रीडर वापरणारी किंवा हाताला कंप असलेली असते.

कामाची पद्धत अशी ठेवावी. आधी प्रत्येक मुलाखत वेगळी, मग एकत्र. सगळ्या एकदम कधीच नाही. प्रत्येक निष्कर्षामागे सहभागीचा सांकेतिक क्रमांक, वेळ आणि जसंच्या तसं वाक्य मागा. मग ते वाक्य मूळ मजकुरात खरोखर आहे का, हे साध्या स्क्रिप्टने अक्षरशः जुळवून बघा, या तपासणीला दुसरं मॉडेल लावू नका. न जुळलेलं सगळं बाद. जुळलेल्यांपैकी जी वाक्यं अहवालात जाणार आहेत ती रेकॉर्डिंग उघडून ऐका. एका वाक्याला मिनिट लागतं. शेवटी मॉडेलला वेगळा प्रश्न विचारा: या निष्कर्षाच्या विरोधात कोण काय बोललं? या प्रश्नाची उत्तरं सारांशापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

संमतीपत्रही बदलावं लागतं. रेकॉर्डिंग बाहेरच्या मॉडेलकडे जाईल का, प्रशिक्षणासाठी वापरलं जाईल का, किती दिवसांनी पुसलं जाईल, हे तीन मुद्दे स्पष्ट हवेत. नाव, फोन, पत्ता, कंपनी हे सगळं मॉडेलकडे पाठवण्याआधी काढून टाकावं. जुन्या संमतीपत्राखाली झालेल्या मुलाखती नव्या साधनात ओतायच्या नाहीत, मग त्या कितीही मोलाच्या असोत. कृत्रिम वापरकर्ते, म्हणजे मॉडेललाच सहभागी बनवून विचारणं, हे मुलाखतीचे प्रश्न तालमीत तपासण्यापुरतं ठीक आहे. त्यातून मिळालेलं उत्तर पुरावा म्हणून कुठल्याही अहवालात येऊ नये.

## पैसे आणि आवृत्त्या

पूर्वी साधनांचं बजेट म्हणजे सीट (माणशी परवाने) मोजायच्या आणि वर्षाच्या दराने गुणायच्या. आता वापरावर ठरणारी क्रेडिट आली आहेत आणि खर्च माणसागणिक सारखा राहत नाही. थोडेच लोक बरंचसं क्रेडिट वापरतात. सुरुवातीला महिनाभर मर्यादा न लावता मोजा, मग सर्वांसाठी एकच साठा ठेवा आणि ७० टक्क्यांवर इशारा लावा. माणशी समान वाटणी केली तर बहुतेकांचं पडून राहतं आणि ज्यांना खरी गरज आहे ते दहाव्या दिवशी अडतात.

मॉडेलची आवृत्ती बदलते तेव्हा तुमच्या लायब्ररीत काहीच बदललेलं नसतं, आणि तरी स्क्रीन वेगळ्या येऊ लागतात. यासाठी कसोटीचा एक ठरलेला संच हवा. तुमच्या रोजच्या कामातून निवडलेली ३० कामं पुरतात. प्रत्येक काम तीनदा चालवा, कारण एकाच प्रॉम्प्टचं उत्तर दर वेळी वेगळं येतं आणि एका धावेवरून काहीच सांगता येत नाही. हे ९० निकाल चार हो-नाही प्रश्नांवर तपासा: फक्त लायब्ररीतले कंपोनंट आहेत का, सगळे रंग टोकनमधून आलेत का, कॉन्ट्रास्ट पास आहे का, आणि विनंतीत मागितलेलं काम स्क्रीनवर होतं का. पहिले तीन स्क्रिप्ट तपासते, चौथा माणूस. जिथे आवृत्ती गोठवून ठेवता येते तिथे ठेवा आणि नवी आवृत्ती या संचातून गेल्याशिवाय टीमला देऊ नका. टोकनांची नावं बदललीत तरी हाच संच चालवा.

विनंत्यांची छाननी, रिलीजच्या नोंदी, बैठकीचे मुद्दे ही कामं मॉडेल बऱ्यापैकी करतं. एकच अट: छाननीत मॉडेलने विनंती नाकारू नये. विनंतीने कोणत्या रांगेत जावं एवढंच त्याने सुचवावं, आणि शंका असेल तर माणसाकडे द्यावी.

## नवीन माणसं शिकणार कशावर

मापं लिहिणं, चिन्हं एक्स्पोर्ट करणं, व्हेरिएंट भरणं, लेयरची नावं लावणं. ही कामं कंटाळवाणी होती यात वाद नाही, पण डिझाइन सिस्टीम हाताला कळायची ती याच कामांतून. ८ पिक्सेलची पट्टी शंभरदा लावल्यावर ७ पिक्सेल डोळ्याला टोचायला लागतात. ही कामं मॉडेलकडे गेल्यावर नव्या डिझायनरला ही नजर कुठून मिळणार, याची जबाबदारी डिझाइन ऑप्सने घ्यायला हवी, कारण कामाची वाटणी आपणच आखतो.

एक पद्धत चालते. मॉडेलने बनवलेल्या स्क्रीनचा पहिला रिव्ह्यू नव्या डिझायनरने करायचा, पण ‘ठीक’ किंवा ‘चूक’ एवढं लिहून चालत नाही. प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण लिहायचं आणि ते कारण कोणत्या नियमातून येतं तेही. दिवसाला तीन स्क्रीन, त्याहून जास्त नको, नाहीतर नजर थकते आणि सगळं बरोबर दिसायला लागतं. दुसऱ्या दिवशी अनुभवी डिझायनर त्याच तीन स्क्रीन बघतो आणि दोघांच्या नोंदींतला फरक घेऊन पंधरा मिनिटं बोलतात. आठवड्यातून एक स्क्रीन मॉडेलशिवाय, पूर्ण हाताने करायची.

या रिव्ह्यूच्या नोंदी एका तक्त्यात जमा होतात: स्क्रीन, कंपोनंट, चूक, कारण, नियम. नियमाचा रकाना ज्या ओळींत रिकामा राहतो त्या बाजूला काढा. तेच कारण तिसऱ्यांदा आलं की ते कंपोनंटच्या वर्णनात जातं किंवा स्क्रिप्टमध्ये तपासणी म्हणून, आणि ज्या नव्या डिझायनरने ते पहिल्यांदा पकडलं त्यालाच ते वाक्य लिहायला द्यावं. मग कसोटीचा संच पुन्हा चालवायचा आणि तीच चूक परत येते का ते बघायचं.